कच्ची प्रत

सॉफ्टवेअर आपोआप बसवणारी पॅकेज यंत्रणा सर्व्हरच्या नव्या लिनक्स प्रणालीवर उभी करायची होती. पण ती बसवायला आधी तीच यंत्रणा लागत होती. शलाका तीन आठवडे त्याच पेचात अडकली होती. शेवटी कंपनीचे सर्व्हर अठरा वर्षं हातानं सांभाळणाऱ्या बोंद्रे सरांनी तिच्याशेजारी खुर्ची ओढली.

"आधी यंत्रणेची छोटी, कच्ची प्रत हातानं तयार कर. मग तिच्याकडूनच पक्की तयार करून घे," ते म्हणाले आणि ती तयार होईपर्यंत उठले नाहीत.

गुरुवारी साहेबांसमोर शलाकानं एकच कमांड दिली. दोनशे सर्व्हरवर सगळं सॉफ्टवेअर आपोआप बसलं. पहिली टाळी बोंद्रे सरांचीच होती.

"म्हणजे आता या कामाला माणूस नको?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात नको!" ती आनंदाच्या भरात बोलून गेली.

साहेबांनी बोंद्रे सरांना केबिनमध्ये बोलावलं. दहा मिनिटांनी ते बाहेर आले, तेव्हा गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

"शलाका, यांचं लॉगिन आत्ताच बंद कर," मागून साहेब म्हणाले.

ती काही बोलेल म्हणून सर तिच्या टेबलापाशी क्षणभर थांबले. शलाकानं मान खाली घातली आणि लॉगिन बंद केलं.