पाचही सिंथ नापास

मासिकाला वेव्हटेबल सिंथची, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजणाऱ्या वाद्यांची, तुलना हवी होती. संगीतकाराने पाच सिंथ घेतले आणि प्रत्येकावर तोच एक सूर लावून पाहिला. पहिल्यालाच त्याचा पारा चढला. वरचा झंकारच गायब! दुसऱ्याचीही तीच रड. तिसऱ्याचा ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांचा जोर, त्याने पार टोकापर्यंत चढवला, तरी आवाज आपला गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा.

"तीस वर्षं या कानांवर पोट भरतोय मी, आणि मलाच बनवतात?" एकटाच ओरडत त्याने चौथ्यापुढे 'मठ्ठ' आणि पाचव्यापुढे 'मेलेला' असा शेरा मारला, अन् तणतणत लेख संपादकांना पाठवूनही टाकला. राग काही जाईना. त्याने पाचव्याची सगळ्यात वरची पट्टी पुन्हा दाबून धरली.

तेवढ्यात बायको दोन्ही कानांत बोटं घालून दारात आली.

"अहो, ती शिट्टी बंद करा आधी! सकाळपासून डोकं उठलंय माझं. शेजारचेसुद्धा दोनदा येऊन गेले."

पट्टीवरचं बोट न उचलता तो तिच्यावर खेकसला, "कुठली शिट्टी?"