पेट्रोल की डिझेल?

लॉवेल रेल्वेतून निवृत्त झाला आणि त्याचा पाय घरात ठरेना. घर विकून बायको व्हर्नासोबत मोटारघरातच, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतच राहायचं, देशभर भटकायचं, असं त्याने परस्पर ठरवलं. पेट्रोलची घ्यावी की डिझेलची, हे ठरवायला दोघं माझ्या शोरूममध्ये आले. चालवून बघताना मी मागे बसलो. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन दोघांच्या मधोमध गुरगुरत होतं. व्हर्ना काहीतरी बोलली. “काय गं?” तो ओरडला. “काही नाही!” मग डिझेलची गाडी काढली. इंजिन मागच्या टोकाला, म्हणून पुढे शांत. तिथे तिचं हळू बोलणंही ऐकू आलं. “लॉवेल, मला घर सोडवत नाही रे.” त्याने मक्याच्या शेताशी गाडी थांबवली. “मग मी दिवसभर खिडकीत उभा राहू?” “तू जा. नाताळला घरी ये.” तो स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिला. शेवटी मला म्हणाला, “पेट्रोलचीच दे. एकट्याला तेवढीच आवाजाची सोबत.”