दर पाचव्या दिवशी

"काहीतरी घोळ आहे," मुलगी म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन माळावर खाली बसली.

पडद्यावर सगळा माळ पिवळाधमक, आणि मधोमध एकच ठिपका हिरवागार. तो ठिपका म्हणजे तिनेच खुंट्या ठोकून, दोरी बांधून राखलेली दहा पावलांची चौकट. उपग्रहाच्या चित्रांवरून माळावर गवत किती वाढलं हे काढायचं, आणि चौकटीतलं गवत कापून, तोलून ते पडताळायचं. राखणीला बाबा होते. वर्षभराचं काम, अहवाल सोमवारी द्यायचा. पावसाचा थेंब नाही आणि हा ठिपका हिरवा! दोन महिने ती आपल्याच गणिताला दोष देत होती.

"बाबा, आत शेळ्या तर शिरल्या नाहीत ना?"

"काय बिशाद! मुंगीसुद्धा मला विचारून जाते."

तिने गवतात हात घातला. माती ओली लागली. झुडपामागे हातगाडी उभी होती, तिच्यावर पाण्याचे दोन ड्रम.

"तुम्ही पाणी घातलंत?"

"मग!" बाबा खूश झाले. "तूच म्हणालीस ना, दर पाचव्या दिवशी तो वरून बघतो. म्हटलं, आपल्या पोरीचं गवत वाळकं दिसायला नको. चार माणसांत शोभा नको."

वर्षाची मेहनत पाण्यात गेली म्हणतात, ती अशी. ती ओरडणारच होती. पण हातपंप अर्ध्या तासावर, बाबांचा गुडघा दुखरा, आणि एका वेळी चार खेपा. मग तिचं लक्ष त्यांच्या कपड्यांकडे गेलं.

"आणि माळावर इस्त्रीचा शर्ट कशाला?"

बाबा चक्क लाजले. "आज पाचवा दिवस ना. पाणी घालून झालं की थोडा वेळ वर बघत उभा राहतो. आज तू इथेच आहेस, पण सवयीनं घातला." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "त्यातून तू बघतेस, तेव्हा मी दिसतो का गं?"

माणूस त्यात दिसत नाही. दहा पावलांत जे काही असेल, त्या सगळ्याचा मिळून एक ठिपका होतो. आणि हा ठिपका तिला सोमवारच्या आत हिशेबातून काढून टाकावा लागणार होता.

तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला आणि हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे काय, बाबा. एवढ्या माळावर तुम्हीच तेवढे दिसता."

बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "जरा हिरवट आलोय," ते म्हणाले, आणि त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.