कस्तुराला दिलेली साद

आमच्या अमामी बेटावर कुणी गायला लागलं की साद द्यायची असते. नाही दिली तर तो गाणाऱ्याचा अपमान. म्हणून पहाटे जंगलात कस्तुर गायला, तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून "हारेऽ" निघून गेलं.

रेशमाच्या रंगासाठी फांद्या तोडणाऱ्या काने मावशीचा कोयता थांबला. "मेल्या, पाखराला कुणी साद देतं का?"

"गाण्याच्या बैठकीची सवय, मावशी."

"संध्याकाळच्या बोटीनं कायमचा ओसाकाला निघालायस. तिथं कोण बसणारेय तुझ्या बैठकीला?"

हा कस्तुर जगात फक्त आमच्याच जंगलात आहे. ऐकू येतो, पण दिसत नाही. त्या दिवशी मात्र तो समोरच्या फांदीवर येऊन बसला. तीच ओळ पुन्हा गायला आणि माझ्याकडे बघत थांबला.

मावशीनं घाईनं माझ्या तोंडावर हात दाबला.

तरी साद आली. दरीपलीकडून, जिकडे वाटच जात नाही, तिकडून. तेच "हारेऽ", शेवटी खाली ओढलेलं, अगदी माझ्यासारखं.

कस्तुरानं पुढची ओळ घेतली. पुन्हा साद आली. रानातले किडेसुद्धा गप्प झाले होते.

मावशीनं माझ्या तोंडावरचा हात काढला. ती दरीकडे तोंड करून खाली वाकली, बैठकीत वयानं सगळ्यात थोर गाणाऱ्यापुढे वाकतात तशी.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. आवाज माझाच होता, पण फार म्हातारा झालेला.