दोन गाठींमधला टीव्ही

सकाळी डॉक्टर बाहेर आले तेव्हा दयानंद आणि गंगूबाई आयसीयूच्या दारासमोरच्या बाकावर बसले होते. दोघांच्या मध्ये पोळीभाजीचा डबा होता, अर्धा संपलेला. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. पुढचं ऐकायची गरज उरली नाही.

दिवस मावळायच्या आत डॉक्टर पुन्हा बाहेर आले आणि त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

डब्यातलं उरलेलं कुणी खाल्लं नाही. गंगूबाईंनी डबा नळाखाली धुतला, पदरानं पुसला आणि दयानंदांच्या पिशवीत ठेवला.

त्याला दोन वर्षं झाली. आता दोघं पौडला मतीनच्या दुकानात टीव्ही बघत उभे होते. भूगावच्या फ्लॅटमधला जुना टीव्ही त्या दिवसानंतर कुणी लावलाच नव्हता. न लावताच तो बिघडला.

"सोफा भिंतीपासून किती लांब आहे, काका?" मतीननं विचारलं.

"आठ फूट."

"मग पंचावन्न इंची घ्या. डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून रेडिओ ऐकतात," दयानंद म्हणाले. पण त्यांना तो टीव्ही आवडला होता. खाली पळणाऱ्या बातम्या चष्म्याशिवाय वाचता येत होत्या.

गंगूबाईंनी पिशवीतून सुतळी काढली.

"ही भिंतीएवढी हाय. खिडकीपासनं सैपाकघराच्या दारापतूर. दोनी टोकांकडं एकेक गाठ मारलीया. टोकापासनं गाठीपतूर एका फोटूची जागा. मधल्या जागंत काय बसंल त्ये दाव बाबा."

"कुणाचे फोटो, काकू?"

"गेल्यांचे."

काउंटरमागे बसलेल्या जस्मीननं, मतीनच्या बायकोनं, मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मतीन म्हणाला, "फोटो टीव्हीच्या वर लावले तर?"

"छताला? तितं कोळी बघतील त्येंना."

"नाहीतर एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत."

गंगूबाई सुतळी गुंडाळायला लागल्या. "एकाला पुढं आन एकाला मागं, असं व्हायचं न्हाई. दोगं एका भितीला, एका उंचीवर. न्हाईतर मी मुठ्यातच बरी."

हे दयानंदांनी आधीही ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत. मुठा गावात गंगूबाईंचं घर होतं, दारात गाय होती, परसात चवळीचे वेल होते. तिथून त्यांना कुणी हलवू शकत नव्हतं. टीव्ही नसला तरी चालेल, असं दयानंद तेव्हा म्हणून बसले होते. त्यावर गंगूबाई म्हणाल्या होत्या, "संध्याकाळी दोन मानसं नुसती भितीकडं बघत बसली की येडी व्हत्यात." म्हणजे टीव्ही हवाच होता आणि दोन्ही फोटोही हवे होते. दोन्ही जमलं तरच त्या भूगावला राहणार होत्या.

मतीननं सुतळी पंचावन्न इंचीवर धरली. दोन्ही गाठी पडद्यावरच आल्या. मग त्यानं बत्तीस इंची दाखवला.

"ही तर पोराची पाटी हाय," गंगूबाई म्हणाल्या.

तिसऱ्यावर त्रेचाळीसची चिठ्ठी होती. दयानंदांनी बोटांवर हिशेब केला. दोन गाठींच्या मध्ये साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस इंच.

"एका इंचानं हुकलं," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "एखादी फ्रेम थोडी तासून घेता येईल."

"कुनाची तासायची?" गंगूबाईंनी विचारलं.

दयानंदांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला. गंगूबाईंनी पिशवी खांद्याला लावली.

जस्मीन उठून आली आणि तिनं मतीनच्या हातातून सुतळी घेतली. "काका, टीव्हीचे इंच तिरपे मोजतात. खालच्या या कोपऱ्यातून वरच्या त्या कोपऱ्यात. रुंदीला तो कमी भरतो." तिनं त्रेचाळीस इंचीवर सुतळी आडवी ताणली. दोन्ही गाठी पडद्याच्या बाहेर राहिल्या.

"अहो, बघा तरी," दयानंद म्हणाले. "बसतोय."

गंगूबाईंनी एका बाजूला दोन बोटं घालून बघितली, मग दुसऱ्या बाजूला. "जागा उरतीया," त्या म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवली.

जस्मीन मतीनकडे वळली. "ऐकलंस? काका बायकोला अहो-जाहो करतात. शीक जरा."

दयानंद नुसते हसले. गंगूबाई सुतळी परत घेऊन तिच्यात नसलेला गुंता सोडवत बसल्या.

शनिवारी दुपारी दुकानाचा माणूस टीव्ही भिंतीवर बसवून गेला. दोन खिळे मात्र दयानंदांनी स्वतः ठोकले. गंगूबाई सोफ्यावरून बघत होत्या.

"डावीकडचा जरा वर घ्या. आणिक. हां. आता वाकडा केलात."

"खिळा वाकडा आहे."

"खिळ्याला कशाला बोलताय?"

हार घालून झाले. दयानंदांनी टीव्ही लावला आणि ते सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. कुठल्यातरी गावच्या कुस्त्या चालू होत्या. दोघांनी एक अख्खी कुस्ती बघितली.

"त्ये आपल्याला बघत्यात," गंगूबाई म्हणाल्या. "आपुन टीव्ही बघायचा."

"चालतंय का?"

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "चालतंय. बसंन मी हितं."

दयानंदांनी आवाज उगाचच थोडा वाढवला.

चहा झाल्यावर गंगूबाईंनी उठून पिशवी घेतली. "निघते. मुठ्याची यष्टी चुकली तर पंचाईत व्हईल."

"पोचलात की फोन करा."

"करते की."

दारातून त्यांनी वळून एकदा भिंतीकडे बघितलं आणि त्या जिना उतरल्या. दयानंद परत येऊन सोफ्यावर बसले. टीव्हीच्या डावीकडे त्यांची बायको गोजरा होती. उजवीकडे गंगूबाईंचा नवरा बहिरू होता. दोघं एका उंचीवर होते.

आता लग्न तेवढं करायचं राहिलं होतं.