खेळातल्या रानातला कुकारा

नात ऋतिकाने मला संगणकावरच्या खेळात उतरवले. हाती तलवार दिली, नाव विचारले. मी थोरल्या भावाचे टाइप केले, शिवदास. लहानपणी तो पार्स्याच्या डोंगरात गुरे शोधायला गेला. गावाने कुकारे घातले, पण उत्तर आले नाही.

पडद्यावर दाट रान उभे राहिले.

"आजो, माइकवर सोबत्यांना हाका मारून बघा."

रानात जशी मारतात तशीच मारली. लांब कूऽऽ.

ऋतिका हसली. "कोल्हे पळाले सगळे. अहो, हा सराव आहे. इथे दुसरं कोणी नसतं."

झाडांमागून उलट कुकारा आला. कोवळ्या गळ्याचा.

तिचे हसू थांबले. तिनेही ऐकला होता.

मी माइक जवळ ओढला. "दादा?"

"थंयच रव, हलू नको," पोराचा आवाज म्हणाला. "मी येतंय."