एकटीचं तिकीट

मोठ्या क्रूझचं परवडेल असं तिकीट शोधत काकू ट्रॅव्हल एजंटकडे आल्या होत्या. लेकच त्यांना आग्रहाने पाठवत होती. ते आठ दिवस ती वडिलांजवळ राहणार होती.

एजंटने कॉम्प्युटरवर दर पाहिले आणि मान हलवली. "काकू, केबिन दोघांची असते. एकट्या गेलात तरी जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. त्यापेक्षा काकांनाच घेऊन जा ना! का, त्यांना बोट लागते?"

"छे हो! लग्न झाल्यापासून त्यांच्याच मनात होतं, असल्या आलिशान बोटीतून एकदा दोघांनी जायचं."

"मग घोडं अडलंय कुठं?"

काकू पर्सचा बंद कुरवाळत राहिल्या.

"काल विचारलं मी त्यांना. म्हटलं, चला, बोटीतून फिरून येऊ."

"मग?"

"आधी अगदी हरखले. मग एकदम हात जोडून म्हणाले, 'रागावू नका हं बाई, पण मी बायकोला शब्द दिलाय. ती येईलच इतक्यात. मी तिच्याबरोबरच जाईन.'"